उलट्या तव्यावरची भाकरी

मुलानं फोन माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "पापा, ये देखिए. आपकी भाकरी."

फोटोत काळ्या दगडाच्या पाटावर एक भाकरी होती. वर लोण्याचा गोळा, बाजूला चिमूटभर लाल चटणी आणि खाली इंग्रजीत बराच मजकूर. मुलानं तो वाचून दाखवला. नाव होतं 'शाही ज्वारी, उलटे तवे की'. कुणा नवाबाला म्हणे हकिमानं गहू बंद केला, तेव्हा त्याच्या खास बावर्चीखान्यात ही रोटी जन्माला आली. गोमती नगरातल्या एका नव्या हॉटेलात मिळते. रविवारी रांग लागते.

"नवाब?" मी म्हणालो. "कुठला नवाब? ती रोटी माझ्यामुळं जन्माला आली. चौकात. चार माणसांदेखत."

"हाँ हाँ, वही तो," मुलगा म्हणाला. ही गोष्ट त्यानं माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की कुठं मी थांबणार आणि कुठं हात आपटणार हेही त्याला पाठ आहे. मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं.

बायको मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "झालं. आता रविवार गेला."

ती गोष्ट आधी सांगायला हवी.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडची पुष्कळ पोरं गलाईच्या धंद्यात जायची. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, भेसळ काढायची आणि शुद्ध लगड करून सराफाला परत द्यायची, ही गलाई. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ्यात जा, एखाद्या जिन्याखाली भट्टी पेटवून बसलेला आमच्या भागातला माणूस सापडेल. मी सोळाव्या वर्षी लखनौच्या चौकात एका लांबच्या पाहुण्याच्या भट्टीवर आलो. राख चाळली, तेजाबाच्या वाफा खाल्ल्या, फळीवर झोपलो आणि दहा वर्षांनी स्वतःची भट्टी टाकली. मला कुणी काही आयतं दिलेलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून आणि आवाज चढवून. भट्टीच्या आवाजामुळं मोठ्यानं बोलायची सवय लागली असं मी सांगतो. बायको म्हणते, भट्टी नंतर आली.

पण या गावानं मला पहिल्याच आठवड्यात गप्प केलं होतं, ते खाण्यानं. पाहुण्यानं मला चौकात नेऊन गलावटी कबाब खायला घातला. मी घास तोंडात टाकला, चावायला दात मिटले, तर मध्ये काहीच नव्हतं. घास पडला की काय म्हणून मी खाली बघितलं. कबाबवाला हसत होता. माझ्यासारखे खाली बघणारे त्याला रोज भेटत असणार. मग थंडीत पहाटे पितळी परातीतून विकायला येणारं मक्खन मलाई. दुधाचा नुसता फेस, केशराचा, उघड्यावर दवात ठेवून उतरवलेला. ऊन वर आलं की तो बसायचा आणि विकणारा परात उचलून घरी जायचा. सोन्याचा कस मला भट्टीवर बसून कळायला लागला होता. या फेसाचा कस कशावर घासायचा ते मला आजतागायत कळलेलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक नानबाई होते. नानबाई म्हणजे तंदूर लावून रोटी, कुलचा, शीरमाल भाजणारे. सगळा मोहल्ला त्यांना बडे मियाँ म्हणायचा. शीरमालवर ते केशराचं दूध असं शिंपडायचे की थेंब सगळीकडं सारखे पडायचे. मी भट्टीवर जाता-येता तिथं उभा राहून बघायचो. तंदुराशेजारी त्यांचा उलटा तवा होता, पालथ्या कढईसारखा, पराठ्यांसाठी. आणि तिथला रिवाज असा, की मोहल्ल्यातल्या बायका घरी पीठ मळून परातीत झाकून पाठवायच्या आणि बडे मियाँ ते भाजून द्यायचे. पीठ तुमचं, आच त्यांची. कुणाची रोटी कुणाची हे कळावं म्हणून ते भाजण्याआधी कडेला बोटानं खूण करायचे. कुणाच्या घरची खूण एक खळगा, कुणाची दोन. हिशेब सगळा डोक्यात.

लग्नानंतर बायकोला मी चौकातल्याच एका खोलीत आणलं. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, तिला आम्ही आपा म्हणायचो. बायकोला आठवा महिना लागला आणि डॉक्टरीणबाईंनी स्टोव्हपुढं खाली बसायला मनाई केली. तिला भातानं समाधान नव्हतं, गव्हाच्या रोटीनं पोट फुगायचं. तिला भाकरी पाहिजे होती. गावाकडून जोंधळ्याचं पीठ आलेलं होतं. मी म्हणालो, त्यात काय, सगळा मोहल्ला नानबाईकडं पीठ पाठवतो, आपणही पाठवू. सकाळी मीच ते पीठ गार पाण्यात मळलं, परातीत झाकलं आणि भट्टीवर जाताना बडे मियाँच्या ओट्यावर ठेवून गेलो.

ज्यांनी भाकरी थापली आहे ते इथं हसतील. जोंधळ्याच्या पिठाला गव्हासारखी ओढ नसते. गरम पाण्यात मळून लगेच थापलं तरच ते धरून राहतं, आणि हे तर चार तास पडलेलं. दुपारी मी गेलो तेव्हा बडे मियाँनी सवयीनं गोळा चपटा करून तंदुराच्या भिंतीवर मारला. तो तिथं क्षणभर राहिला आणि निखाऱ्यात गळून पडला. दुसरा मारला, तोही पडला. तिसऱ्याचे हातातच तुकडे झाले. ओट्यावर चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती.

"मियाँ, ये आटा नहीं, रेत है," बडे मियाँ म्हणाले. शांतपणे म्हणाले, तेच मला जास्त लागलं.

मी परात हिसकावली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो. रेती म्हणता? आमचा सगळा मुलूख हे खाऊन जगतो! एक भाकरी भाजता येत नसेल तर तंदुरावर झाकण ठेवा! आणखीही बोललो, ते इथं लिहीत नाही. बडे मियाँनी हात पुसले आणि म्हणाले, "आप बजा फ़रमाते हैं." म्हणजे, तुमचंच बरोबर. लखनौत याच्यापुढं भांडण जात नाही. समोरचा जागचा हलतच नाही.

आठ-दहा दिवस मी त्या ओट्याकडं बघितलं नाही. आणि मग एके दिवशी जेवायला बसलो तर ताटात भाकरी. गरम, फुगलेली, कोळशाच्या वासाची, आणि कडेला तीन खळगे. "बडे मियाँकडून आली," बायको म्हणाली. त्यानंतर रोज आली, मूल होईपर्यंत आणि नंतरही बरेच महिने.

त्या खळग्यांकडं बघून माझी छाती फुगली. मी ओरडलो, म्हणून म्हाताऱ्याला लाज वाटली. लाज वाटली, म्हणून तो शिकला. पिढ्यान्‌पिढ्या कुलचे भाजणाऱ्या माणसाला मी खानापूरची भाकरी भाजायला लावली. तीस वर्षं ही गोष्ट मी पाहुण्यांना, व्याह्यांना, भट्टीवरच्या कारागिरांना सांगत आलो. भाव करताना समोरचा नाही म्हणाला की मी ही गोष्ट काढायचो: आवाज लावला की लखनौसुद्धा हलतं.

पुढं आम्ही इंदिरा नगरला घर घेतलं. बडे मियाँ वारले आणि तो तंदूर बंद झाला. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

बाहेर खायची सवय आम्हाला म्हातारपणी लागली, त्याला कारण बायकोची बोटं. दोन वर्षांपूर्वी सांधे सुजायला लागले आणि हळूहळू भाकरी थापणं बंद झालं.  एक दिवस तिनं काठवट धुऊन, पुसून वर माळ्यावर ठेवून दिली. सूनबाई इथलीच, तिचे पराठे उत्तम होतात, भाकरी मात्र तुटते. मग मुलानं ठरवलं, रविवारी मम्मीला बाहेर न्यायचं.

आणि मी परत सोळा वर्षांचा झालो.

ज्या आलमबागेत बसमधून उतरल्यावर पुरी-सब्जीच्या गाडीशिवाय काही दिसत नसे, तिथं मेट्रोच्या खांबांच्या सावलीत आता कॉफीची दुकानं आहेत आणि आत पोरं काड्यांनी कोरियातल्या शेवया खातात. एक पोरगी डाव्या हातानं फोन चालवत उजव्या हातानं काड्यांमधून एक शेंगदाणा उचलत होती. मी चिमट्यानं सोन्याचे कण उचलणारा माणूस आहे, मला दिसलं ते काय कौशल्य आहे. गोमती नगरला एका ठिकाणी गलावटी कबाब आला तो नखाएवढ्या कुरकुरीत बिस्किटावर बसून. मी खवचटपणे तोंडात टाकला. तो तसाच विरघळला आणि खाली काय करकरलं ते नवीन होतं. दुसऱ्या एका ठिकाणी मक्खन मलाई आलं. जून महिन्यात! बाहेर डांबर वितळत होतं आणि आमच्या टेबलावर काचेच्या घुमटाखाली तो फेस थंडीतल्या पहाटेसारखा उभा. मी वेटरला बोलावून विचारलं, "भैया, ओस कहाँ से लाए?" तो म्हणाला, "सर, मशीन है." सांगताना त्याला जराही संकोच नव्हता. मी चमच्यानं चाखलं. दव नव्हतं त्यात. पण दव सोडून सगळं होतं, आणि एवढं तरी माणसानं कसं जमवलं या विचारानं मी बराच वेळ त्या रिकाम्या घुमटाकडं बघत बसलो.

एकच दुःख. इथं भाव करायला माणूस नसतो. भाव फोनमध्ये असतो. एका ठिकाणी मी म्हणालो, तीन थाळ्या घेतो, चौथीचं काय ते बोला. वेटर आदरानं म्हणाला, "सर, सिस्टम नहीं लेगा." ज्याच्याशी भांडावं असं कुणी समोर नाही. तरीही मी दर रविवारी जायचो. उजेड, काचेपलीकडची स्वयंपाकघरं, एका ओळीत चालणारे वीस हात, सगळं बघायचो आणि घरी येऊन बायकोला म्हणायचो, "अगं, गाव कुठल्या कुठं गेलं बघ." ती म्हणायची, "हं. भाकरी सोडून सगळं मिळतं." यात तक्रार नसायची.

तर अशा दिवसांत तो फोटो आला.

रविवारी आम्ही चौघं त्या हॉटेलात गेलो. मी ठरवून गेलो होतो. मेन्यूवरचा नवाब खोडायचा आणि खरी गोष्ट लिहून घ्यायची. पैसे नकोत, माफी नको, पण मजकूर बदलला पाहिजे. पाऊण तास रांगेत काढला. आत शिरल्यावर मात्र माझा राग क्षणभर जागा विसरला. छत दोन मजले उंच. एका बाजूला अख्खी काचेची भिंत आणि काचेमागं चार तंदूर ओळीनं, तांब्यानं मढवलेले. मध्ये एक उलटा तवा, बडे मियाँच्या तव्याच्या तिप्पट, चंद्र उगवताना दिसतो तसा. त्याच्यावर पांढऱ्या टोप्यांची माणसं वाकलेली. आणि आवाज काही नाही. काचेनं सगळा आवाज आत ठेवलेला.

"बसा की," बायको म्हणाली. "रस्त्यात उभं राहिलाय."

भाकरी आली. दगडी पाट, लोणी, चटणी. भाकरी फुगून पापुद्रा सुटलेली, कडा अखंड. मी हात लावणार तेवढ्यात मला दिसलं. कडेला तीन खळगे होते.

माझ्या घरची खूण.

काळ्या जाकिटातली एक तरुण मुलगी टेबलामागून टेबल फिरत सगळं ठीक आहे का विचारत होती. ती तिथली मॅनेजर. मी तिला बोलावलं.

"बेटा, ये तीन गड्ढे किसने किए?"

"सर, ये हमारा सिग्नेचर डिज़ाइन है."

"डिज़ाइन? ये मेरे घर का निशान है!"

"जी?" ती गोंधळली. "सर, बिना डिज़ाइन वाली मँगवा दूँ?"

"पापा, धीरे," मुलगा म्हणाला. सूनबाई पाण्याच्या ग्लासात बघायला लागली. पण मी सुटलो होतो. मी उभा राहिलो आणि चौक, परात, निखारे, सगळं सांगितलं. नवाबाचा काय संबंध? हकिमाचा काय संबंध? ही रोटी या गावात मी आणली, मी ओरडून शिकवली, आणि तुम्ही ती कुणा मेलेल्या माणसाच्या नावावर विकता! शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी फोन वर केले. "अंकल वायरल होंगे," त्यातला एक म्हणाला. "होऊ दे!" मी म्हणालो.

या सगळ्यात बायको जेवत होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला होता आणि सावकाश चावत होती, डोळे मिटून. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "चांगली आहे. पण दूध अजून मारतो."

"कोण मारतो?"

 तिनं दुसरा तुकडा मोडला.

मॅनेजर काचेमागं जाऊन एका माणसाला घेऊन आली. साठीचा, बारीक, मेंदी लावलेली दाढी, टोपीखाली घाम. मी ओळखलं. बडे मियाँचे धाकटे भाऊ. तेव्हा तिशीचे होते, पराठ्यांचा तवा सांभाळायचे. मी म्हणालो, "आइए! आप ही बताइए इनको! उस दिन दुकान पर कौन चिल्लाया था?"

त्यांनी माझ्याकडं बघून मान झुकवली, लखनौत झुकवतात तशी, अर्धी. मग माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ते मला वळसा घालून टेबलाशी गेले, कंबरेत वाकले आणि हात कपाळाशी नेला.

"आदाब, भाभी. आप कहाँ चली गई थीं?"

"इंदिरा नगर," बायको म्हणाली. "तुम अभी तक दूध मारते हो? कितनी बार बोला था, पानी."

"भाईजान की आदत थी, भाभी. हाथ में बैठ गई."

मी मुलाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता. आम्ही दोघंही ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होतो.

मी तिथं भांडून आल्याच्या तिसऱ्या दिवशी, मी भट्टीवर गेल्यावर, बायको आपाला सोबत घेऊन बडे मियाँच्या ओट्यावर गेली होती. आठवा महिना. तिनं आधी माझ्या वतीनं माफी मागितली. मग म्हणाली, चूक पिठाची नाही, मळणाऱ्याची आहे. तंदुरामागं तिला उंच पाट मांडून दिला, खाली बसायचं नाही म्हणून. आठवडाभर रोज दुपारी ती तिथं बसून सांगत होती आणि ते दोघे भाऊ करत होते. पीठ आयत्या वेळी उकळत्या पाण्यात. थापायची हातावर. तंदुराच्या भिंतीला लावायची नाही, उलट्या तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, शीरमालसारखं दूध मारायचं नाही. तवा पालथा, मध्ये फुगवटा, म्हणून पहिल्या दिवशी सगळ्या भाकऱ्या मधोमध तडकल्या. ती म्हणाली, मग मध्ये जाड ठेवू, कडेला पातळ. हे तिलाही नवीन होतं, तिथंच सुचलेलं. एक बाजू तव्यावर, दुसरी चिमट्यात धरून तंदुराच्या तोंडाशी, निखाऱ्यासमोर. सातव्या दिवशी पहिली भाकरी फुगली, तेव्हा बडे मियाँ उठून उभे राहिले होते, असं त्यांचा भाऊ म्हणाला. आयुष्यभर रोट्या भाजलेला माणूस, एका रोटीसाठी उभा राहिला.

"और ये तीन?" मॅनेजरनं खळग्यांकडं बोट दाखवलं.

"ये भाभी के घर का निशान. भाईजान ने कहा था, ये रोटी इसी निशान से बनेगी."

मी बसलो. कुणी बसा म्हणालं नव्हतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी मराठीत विचारलं.

"काय सांगणार? चार माणसांत भांडून आला होता. मी तिथं जाते म्हटल्यावर मला भांडला असता." तिनं चटणीत तुकडा बुडवला. "आणि नंतर इतक्या आनंदानं सांगत होता सगळ्यांना. म्हटलं, सांगू देत."

"तीस वर्षं?"

"तुम्ही थांबलाच कुठं?"

मुलगा हसायला लागला. "पापा, मैं भी तो था वहाँ. अंदर से सब सुन रहा था. मुझसे पूछ लेते." सूनबाईनं त्याला टेबलाखालून लाथ मारली. मला आवाज आला.

मग बडे मियाँच्या भावानं विचारलं, भाभी एकदा आत येऊन बघतील का? नव्या तव्यावर कडा लवकर सुकतात.  मॅनेजरनं बायकोच्या अंबाड्यावर पातळ पांढरी टोपी चढवली आणि तिला काचेमागं नेलं.

मी काचेच्या अलीकडं उभा राहिलो. आतलं काही ऐकू येत नव्हतं. बायकोनं सुजलेलं एक बोट पिठाच्या गोळ्यावर टेकवलं आणि मान हलवली. पाणी परत तापवलं गेलं. तिची बोटं वळत नाहीत, म्हणून ती नुसती तळव्यानं हवेत दाखवत होती, आणि बडे मियाँच्या भावाचा तळवा तसाच फिरत होता, गोल, गोल, पिठावर. चार तरुण कारागीर हात मागं बांधून बघत होते. एकानं सवयीनं दुधाची वाटी उचलली. तिनं नुसतं बघितलं. त्यानं ठेवली. भाकरी त्या चंद्रावर पडली, तिच्यावरून ओला हात फिरला, मग चिमट्यानं तांब्याच्या तंदुरापुढं गेली. आणि फुगली. एका बाजूनं हळूहळू आणि मग एकदम सगळी. मी हजारो भाकऱ्या फुगताना पाहिल्या असतील, पण जेवायला बसून, ताटावरून. या बाईला तिच्या कामात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही काचेतून, रांगेतल्या लोकांबरोबर. माझ्या शेजारी उभा असलेला एक अनोळखी माणूस म्हणाला, "वाह."  तो शब्द म्हणायचा हक्क मला माझा वाटला नाही.

ती बाहेर आली तेव्हा मॅनेजर तिच्यामागं होती, हातात मेन्यू. मालकांशी फोनवर बोलणं झालं होतं. ती म्हणाली, मॅम, आम्ही मजकूर बदलायचा विचार करू, तुमचा फोटो वगैरे. मी लगेच पुढं झालो. आता हिशेब माझ्या बाजूचा होता, आता पकडायचं होतं.

बायकोनं मला हातानं बाजूला केलं.

"बेटा, नवाब रहने दो," ती म्हणाली. "फोटो भी नहीं चाहिए. हमारे गाँव से ज्वारी आती है. हम हर इतवार आटा भेजेंगे. आटा हमारा, आँच तुम्हारी. जैसे चौक में था."

"मॅम, बाहर का खाना अंदर अलाउड नहीं है."

"खाना कहाँ है? आटा है."

"पर मॅम, पॉलिसी…"

"तो नवाब निकाल दो," बायको म्हणाली. "और इनको बोलने दो." तिनं माझ्याकडं बोट केलं. शेजारच्या टेबलावर अजून दोन फोन वर होते.

मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं. मग बडे मियाँच्या भावाकडं. ते छताकडं बघत होते. मग ती म्हणाली, "इतवार को… बारह बजे से पहले."

"ग्यारह," बायको म्हणाली. झालं.

चाळीस वर्षं भाव करणारा मी तिथं तोंड उघडं टाकून उभा होतो. माझी हक्काची तक्रार तिनं टेबलावर ठेवली आणि बदल्यात आच घेतली. कुणाकडं पैसे मागितले नाहीत, आवाज चढवला नाही. भावात मी तिच्यापुढं नवशिका आहे, हे मला त्या वयात कळलं.

पण नवाबाचं मला अजून पटलेलं नाही. घरी येताना मी गाडीत म्हणालोसुद्धा, तू मजकूर सोडायला नको होतंस. ती म्हणाली, "खूण तर आपलीच आहे की. रांग लावून सगळे आपल्या घरची भाकरी खातायत. नवाबाला खाऊ दे नुसतं नाव." तरी बिलाबरोबर अभिप्रायाचं कार्ड येतं, त्यावर मी दर रविवारी लिहितो: मजकूर खोटा आहे. कार्डं कुठं जातात माहीत नाही. मी लिहीत राहणार.

आता दर रविवारी अकराच्या आत मी पिठाचा स्टीलचा डबा घेऊन गोमती नगरच्या त्या काचेच्या दारात उभा असतो. सुरक्षारक्षक बदलत असतात, त्यामुळं दर दोन-चार आठवड्यांनी तेच होतं.

"अंकल, बाहर का खाना अलाउड नहीं."

"खाना नहीं है, आटा है," मी म्हणतो. हल्ली आवाज न चढवता.

पहिल्या रविवारी एक अडचण आली होती. तीन खळगे तर तिथल्या प्रत्येक भाकरीवर असतात, मग आमच्या पिठाची कुठली ते कसं ओळखायचं?  बडे मियाँच्या भावानं बायकोकडं बघितलं, तिनं मान हलवली, आणि त्यांनी आमच्या भाकरीच्या कडेला चौथा खळगा केला.